मागच्या सीटवरून : वयाप्रमाणे गाडी निवडण्याची सोपी पद्धत

(जालना जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी)

शोरूममध्ये गेल्यावर बहुतेक नवशिके पुढच्या सीटवर बसतात, हँडल धरतात, आरशात स्वतःकडे बघतात आणि तिथंच फसतात. तसं करू नका. सरळ मागच्या सीटवर बसा. पाय कुठं टेकतात, हात कशाला धरतो, खड्डा आला तर बूड किती वर उडेल, याचा अंदाज घ्या. सध्या तुमच्या मागं कोण बसणार आहे एवढं एक कळलं, की कंपनी, मॉडेल, सीसी, रंग सगळं आपोआप ठरतं. सेल्समनला हे पक्कं ठाऊक असतं. तो बोलत नाही, कारण मग सौदा पाच मिनिटांत संपेल आणि त्यानं मागवलेला चहा वाया जाईल.

आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे ओळखण्यासाठी जन्मपत्रिका नको. मोटार वाहन कायद्यानं ते काम केलेलं आहे. तिशीच्या आत परवाना काढला तर तो चाळिशीपर्यंत चालतो. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढला तर दहा वर्षं. पन्नाशीनंतर पण पंचावन्नच्या आत काढला तर साठीपर्यंत. पुढं पाच-पाच वर्षांचे हप्ते. चाळिशी ओलांडली की अर्जासोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, नमुना १-अ. २०१९ च्या दुरुस्तीनं मुदतीचे हे टप्पे ठरवून दिले. साडेसातीसुद्धा इतक्या हिशेबानं येत नाही.

पुढील सूचना एमएच-२१ पासिंगच्या सर्व गाड्यांना लागू आहेत. शेजारच्या जिल्ह्यातल्यांनी आपापल्या जबाबदारीवर वाचाव्यात.

टप्पा पहिला : मागं कोणीच नाही

सोळाव्या वर्षी गाडी चालवायला कायद्याची परवानगी आहे. फक्त ती बिनगिअरची आणि ५० सीसीपर्यंतची हवी. हे कलम १९८८ च्या कायद्यात आलं तेव्हा अहमदनगरच्या कायनेटिकची लुना गल्लोगल्ली होती. १९७२ पासूनची ती ५० सीसीची गाडी पायडल मारून चालू व्हायची आणि चढाला पुन्हा पायडलच मागायची. आता पेट्रोलवरची तशी नवी गाडी दुकानात मिळत नाही. म्हणजे परवानगी आहे, गाडी नाही. मग सोळा वर्षांचा मुलगा काय करतो? वडील दुपारी जेवून आडवे झाले की खुंटीवरची किल्ली काढतो.

शिकण्यासाठी पीक निघालेलं वावर, शाळेचं मैदान किंवा उन्हाळ्यात कोरडा पडलेला पाझर तलाव निवडावा. शिकवायला दोन वर्षांनी मोठा चुलतभाऊ पुरतो. त्यालाही परवाना नसतो, पण त्याचा आवाज मोठा असतो. "हळू सोड म्हणलं ना क्लच! कामून सोडायलास एकदम?" एवढं एक वाक्य तो तासभर म्हणतो. तेवढ्यात तुम्ही शिकता.

अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे कलम वडिलांना माहीत नसतं. मुलाला माहीत असतं आणि तो सांगत नाही. ही मार्गदर्शिका वडिलांच्या हाती पडावी म्हणून मुद्दाम इथं लिहून ठेवलं आहे.

टप्पा दुसरा : मागं मित्र, एक किंवा दोन

कलम १२८ प्रमाणे मागं एकच माणूस बसवता येतो. 'ट्रिबल सीट' हा शब्द कायद्यात नाही, तरी गांधी चमनला उभा असलेला वाहतूक पोलीस तो नीट ओळखतो.

या वयात मागची सीट जितकी गैरसोयीची तितकी गाडी भारी समजली जाते. पूर्वी असं नव्हतं. १९८५ ते १९९६ या काळात यामाहा आरएक्स-१०० विकली गेली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक धूर आणि एक लांब सपाट सीट. त्या सीटवर दोघं ऐसपैस बसत आणि तिसरा आलाच तर त्यालाही कोणी नाही म्हणत नसे. त्या पिढीतले आज पन्नाशी उलटलेले गृहस्थ गाडीचा विषय निघाला की डोळे मिटून नुसता तिचा आवाज काढून दाखवतात. पुढं २००१ मध्ये पल्सर आली, २००८ मध्ये आर-१५ आणि २०१२ मध्ये ड्यूक. दर गाडीगणिक मागची सीट वर चढत गेली आणि आखूड होत गेली. आता मागचा मित्र पुढच्याच्या डोक्यावरून रस्ता बघतो आणि ब्रेक दाबला की त्याच्या पाठीवर येऊन आदळतो. मैत्री घट्ट होते, हे खरं.

ही गाडी घेण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. आपल्या जिल्ह्यात नवी गाडी बहुधा दसऱ्याला किंवा पाडव्याला निघते. झेंडूचा हार, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू हे सगळं झालं की राजूरच्या गणपतीला नेऊन आणायची असते. त्या दिवशी मागं आई बसते. तेव्हा आईला आदल्या दिवशीच शोरूममध्ये न्या आणि त्या उंच सीटवर साडीत बसवून बघा. नाही बसता आलं तर काय होतं, तेही सांगतो. मुलगा गाडी घेऊन पुढं राजूरला पोचतो, आई काळीपिवळीनं मागून येते, नारळ आईच्या पिशवीत असतो आणि नवी गाडी देवळाबाहेर तासभर बिनपूजेची उभी राहते.

पैशाचं आता. फायनान्सवाला तुम्हाला डाऊन पेमेंट किती हे विचारेल आणि महिन्याचा हप्ता सांगेल. आकडा छोटा वाटेल. नवशिक्यांनी तिथं एक क्षण थांबावं. हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो, न चुकता. कापूस आणि सोयाबीन वर्षातून एकदाच येतात, तेही आले तर. मोसंबीला पाणी कमी पडलं तर तीही येत नाही. शोरूममध्ये सही करताना नोकरदाराचा महिना आणि शेतकऱ्याचं वर्ष एकाच कागदावर येतात, आणि तिथून पुढं भांडण सुरू होतं. तीन हप्ते थकले की एक दिवस चौकात दोन अनोळखी माणसं किल्ली मागतात आणि गाडी ओढून नेतात. गावात मग "पोराची गाडी सर्व्हिसिंगला टाकली" असं सांगायची पद्धत आहे. सर्व्हिसिंग कधी कधी वर्षभर चालतं.

घरच्यांना मोठी गाडी पटवताना पोरं एक नातेवाईक पुढं करतात. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आहे, त्यामुळे कुणाचा तरी मेव्हणा तिथं असतोच आणि त्याच्याकडं कायम 'आतली बातमी' असते. ती ऐकून घ्यावी, चहा पाजावा आणि मागच्या सीटवर जाऊन बसावं.

नंबरप्लेटवर वेळ घालवू नये. पूर्वी ४१४१ असा नंबर मिळवून तो 'दादा' वाचला जाईल असा रंगवून घेत. आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली. २०१९ आधीच्या गाड्यांनाही ती लावावी लागली. तिच्यावर सगळ्यांचे आकडे एकाच वळणाचे. जिल्ह्यातले कितीतरी दादा एका फटक्यात सामान्य नागरिक झाले.

टप्पा तिसरा : मागं बायको

या टप्प्यावरची गाडी बऱ्याचदा तुमच्या पैशाची नसते. बैठकीत "आम्हाला देणंघेणं काही नको" असं ठरतं आणि मग कोणीतरी मामा खाकरून म्हणतो, "फक्त पोराला जायायायला गाडी." हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे, तो 'फक्त' या शब्दाला सवलत देत नाही. या मार्गदर्शिकेचा सल्ला : घेऊ नका. पुस्तिकेत विनोद आहेत, हा नाही. ज्या मुलीला आयुष्यभर मागच्या सीटवर बसवणार तिच्या बापाला त्या सीटचे पैसे मागणं ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती लाज जिल्ह्यातल्या चांगल्या शिकलेल्या घरांनाही वाटत नाही.

ज्यांना कायद्याचं आणि लाजेचं काही नाही, त्यांच्यासाठी व्यवहाराची बाजू. ती गाडी वधूपिता स्वतःच्या आवडीनं निवडत नाही; थोरल्या जावयाला काय दिलं होतं ते बघून निवडतो. म्हणून एकाच घरातल्या तीन जावयांकडं एकाच मॉडेलच्या तीन गाड्या दिसतात. शिवाय पुढं पंधरा वर्षं ती कुठंही बंद पडली तरी "प्लग खराब झाला" असं साधं बोलता येत नाही. त्यातून सासरवाडीचा अर्थ निघतो.

स्वतःच्या पैशानं घेणाऱ्यांसाठी या टप्प्याचं उत्तर गेली चाळीस वर्षं फारसं बदललेलं नाही. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली, चार स्ट्रोकची. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. जिथं पेट्रोलपंपावर ऑइल मिसळून घ्यायची सवय होती तिथं हा चमत्कारच होता. १९९४ मध्ये त्याच ९७.२ सीसीच्या इंजिनावर स्प्लेंडर आली. कंपन्यांचा घटस्फोट झाला, २०११ मध्ये हिरो होंडाची हिरो मोटोकॉर्प झाली, पण आपल्या लोकांनी तो मनावर घेतला नाही. आजही परतूर-मंठ्याकडं नवी कोरी गाडी दाखवून "हिरो होंडा घेतली" म्हणतात.

तपासायच्या गोष्टी दोन. साडीगार्ड, जो केंद्रीय नियम १२३ प्रमाणे सक्तीचा आहे : मागचं चाक अर्धं झाकलं गेलं पाहिजे, मागच्याला धरायला आणि पाय ठेवायला जागा पाहिजे. पोरं गाडी आणल्याबरोबर 'लुक जातो' म्हणून तो काढून टाकतात आणि लग्न ठरलं की माळ्यावर शोधतात. दुसरी गोष्ट, सीटची लांबी. आज दोघं आहात. सीट चौघांच्या हिशेबानं बघा.

टप्पा चौथा : मागं काय काय

इथून पुढं 'कोण बसतं' हा प्रश्न अपुरा पडतो. मागं काय बसतं ते विचारा.

पहाटे दुधाचे दोन कॅन. नऊ वाजता शाळेची दोन मुलं, एक टाकीवर, एक मागं. अकरा वाजता खताची गोणी. युरियाची ४५ किलोची, डीएपीची ५०. दुपारी फवारणीचा पंप. संध्याकाळी घासाचा भारा, जो आरशांपेक्षा रुंद असतो. हंगामात मोसंबीचे कॅरेट. आजारी शेळी, जिला डॉक्टरकडं नेताना मधे बसवतात आणि मागून बायको धरते. रेशीम करणाऱ्यांकडं कोषांच्या गोण्या : वजनाला हलक्या, पण आकारानं इतक्या मोठ्या की जालन्याच्या कोष बाजाराकडं निघालेली गाडी मागून बघितली तर गोणीच चाकावर पळताना दिसते. आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो, जसा २०१२ मध्ये दिला होता, त्या वर्षी पाण्याचे कॅन. दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, मधे तुम्ही.

कंपनीच्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं. तिथं डोंगरातल्या वळणावर एकटा मुलगा हसत चाललेला असतो.

आता चिखल. नवशिक्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आपली काळी माती पावसात चाक आणि मडगार्ड यांच्या मधे भरते आणि थरावर थर बसत जातो. शिवरस्त्यावर पन्नास पावलं गेलं की चाक फिरायचं थांबतं. इंजिन ओरडतं, साखळी ताणते, गाडी जागची हलत नाही. मग उतरून काडीनं, पान्यानं, शेवटी बोटानं माती उकरायची आणि पुढच्या पन्नास पावलांची तयारी करायची. शोरूममध्ये ग्राउंड क्लिअरन्स सांगतात, म्हणजे इंजिन जमिनीपासून किती वर आहे ते. चाक आणि मडगार्डमधलं अंतर कोणी सांगत नाही आणि आपल्याला तर तेच हवं असतं. म्हणून सेल्समनची नजर चुकवून तिथं बोटं घालून बघा. मुरलेले लोक तर मृग लागायच्या आधीच पुढचं मडगार्ड खोलून घराच्या पत्र्यावर टाकतात. मग चिखल तोंडावर उडतो, पण गाडी चालते. दिवाळीत मडगार्ड खाली येतं. तेव्हा त्याचा एक बोल्ट हरवलेला असतो.

या सगळ्यावर बाजारात एकच प्रामाणिक उत्तर आहे आणि ते कोणालाही आवडत नाही : टीव्हीएस एक्सएल. तिची मागची सीट काढता येते. जगातल्या सगळ्या गाड्या मागं माणूस बसेल असं धरून चालतात. या एका गाडीनं मान्य केलं की मागं माणूस नसेलही, गोणी असेल. पुढं पायापाशी सपाट जागा आहे, तिथं दुसरी गोणी. वजन ९० किलोच्या आत, त्यामुळे चिखलात अडकली तर दोघं मिळून उचलून बांधावर ठेवतात. पूर्वी हे काम बजाजची एम-८० करायची, हातातल्या गिअरची. टू-स्ट्रोक एक्सएलच्या जागी २०१५ मध्ये फोर-स्ट्रोक एक्सएल-१०० आली आणि ऑइल मिसळायची कटकटही गेली.

पण प्रतिष्ठा! एक्सएलवर बसून मुलगी बघायला जाता येत नाही, बैठकीला जाता येत नाही, प्रचाराच्या रॅलीत तर कोणी रांगेतही घेत नाही. रॅलीतल्या मोठ्या गाडीला पेट्रोल कमी पडलं तर शंभर रुपये उसने मात्र एक्सएलवाल्याकडंच मागतात. माझं मत विचाराल तर जिल्ह्याचा निम्मा शेतमाल ज्या गाडीच्या मागं बसून मोंढ्यात येतो तिला दसऱ्याला पहिला हार मिळायला हवा. मिळत नाही. ती गोठ्यापाशी उभी असते.

अ‍ॅव्हरेजबद्दल थोडक्यात. पेट्रोलनं २०२१ मध्ये शंभरी ओलांडली, तेव्हापासून हा विषय भक्तिभावाचा झाला आहे. गाडीवाला जो आकडा सांगतो त्यातून दहा वजा करावेत. खरा आकडा हवा असेल तर बियाण्याचे प्लॉट बघत फिरणाऱ्या सुपरवायझरला गाठा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको सुरू केल्यापासून जालना बियाण्यांचं गाव झालं, आणि गावोगाव बीजोत्पादनाचे प्लॉट बघत हिंडणारी माणसं तयार झाली. किलोमीटरवर पैसे मिळणारा माणूस लिटरचा हिशेब चुकवत नाही. तो ज्या गाडीवर आहे ती डोळे झाकून घ्या.

पोटटप्पा : मागं बसणारीनंच गाडी घेतली तर

आत्तापर्यंतचं सगळं पुरुष नवशिक्यांसाठी होतं, हे चाणाक्ष वाचकिणींच्या लक्षात आलं असेल. त्यांच्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिकेची गरज दिसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली झालेल्या बाई, उपकेंद्रावरच्या सिस्टर, आशाताई यांना पंधरा-वीस किलोमीटरवर वेळेत पोचायचं असतं आणि एसटीची वेळ एसटीला माहीत. अ‍ॅक्टिव्हा २००१ ला आली तेव्हापासून त्यांचा निर्णय दहा मिनिटांत होतो. कारण उघड आहे : मागच्या सीटवर बसून गाडीची परीक्षा कशी घ्यायची, हे त्या अनेक वर्षं रोज करत आल्या आहेत. कंपनी कोणतीही असो, घरात तिला 'स्कूटी' म्हणतात. ती आली की आठवड्याभरात नवरा "जरा मोंढ्यापर्यंत जाऊन येतो, तुझी गाडी दे" म्हणायला लागतो, कारण डिकीत हेल्मेट, पिशवी आणि पायापाशी तेलाचा डबा मावतो. स्वतःची स्प्लेंडर तेव्हा पंक्चर असते.

टप्पा पाचवा : मागं पुन्हा कोणी नाही

पंचेचाळिशीच्या आसपास कधीतरी मुलगा पुण्याला शिकायला जातो, मुलीचं लग्न होतं, बायकोकडं स्कूटी असते आणि मागची सीट रिकामी पडते. हा सगळ्यात धोक्याचा टप्पा. या काळात माणसाला बुलेट दिसायला लागते. आधीही ती रस्त्यावर होतीच, मद्रासला १९५५ पासून बनते आहे, पण तेव्हा दिसत नव्हती.

त्यात हातात पैसा आला तर विचारूच नका. समृद्धी महामार्गात ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्या काहींच्या दारात मोबदल्याबरोबर बुलेट आली. ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, जालन्याजवळ उतरायची सोय. एवढा गुळगुळीत रस्ता आणि दारात एवढी मोठी गाडी! पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. स्वतःच्या गेलेल्या वावरावरून जाणाऱ्या रस्त्याखालच्या बोगद्यातून बुलेट पलीकडच्या उरलेल्या दोन एकरांकडं घेऊन जाणं, एवढाच तिचा समृद्धी प्रवास. नवशिक्यांनी हे गाडी घेण्यापूर्वीच समजून घ्यावं. लांब जायचंच असेल तर मंठ्यावरून लोणारचं सरोवर बघून या, भोकरदनवरून अजिंठ्याला जा, किंवा घनसावंगीकडं जांब समर्थला जाऊन रामदासांच्या जन्मगावी दर्शन घ्या. सगळ्या रस्त्यांना खड्डे आहेत, म्हणजे गाडीचा कस लागेल.

घेण्याआधी चालवून बघू नका. चालवताना सगळ्याच आवडतात. बंद गाडी मागं ढकलून बघा. बुलेटचं वजन १९५ किलोच्या आसपास, स्प्लेंडरचं ११२. सिंधी बाजारात तोंड आत घालून उभी केलेली बुलेट मागं ओढताना कमरेतून जो आवाज येतो तो सायलेन्सरचा नसतो. जुनी बुलेट घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. पंचवीस वर्षं स्प्लेंडर चालवलेल्या माणसानं अचानक आलेल्या म्हशीसमोर ब्रेक म्हणून गिअर दाबला, तर म्हैस शांत असते. तोच एक आधार.

बुलेट किती दिवस टिकते? गाडी म्हणून, पुष्कळ. तुमच्याकडं, दिवाळीपर्यंत. दिवाळीत मुलगा सुट्टीला येतो, किल्ली घेतो, मित्राच्या गॅरेजवर जाऊन फटाके फोडणारा सायलेन्सर बसवतो, पोलीस पकडतात, दंड तुमच्या नावावर येतो आणि भाऊबीज झाली की "पुण्यात बस मिळत नाही" असं म्हणून तो गाडी घेऊन जातो. तुम्ही पत्र्याखालची स्प्लेंडर बाहेर काढता. दोन किकमध्ये चालू होते.

टप्पा सहावा : किक बंद

साठीपुढं गाडी गुडघा निवडतो. किक मारता येत नाही म्हणून बटनस्टार्ट, पाय वर टाकता येत नाही म्हणून समोरून मोकळी. ज्या मास्तरांनी १९७२ नंतरच्या काळात नंबर लावून, कित्येक वर्षं वाट बघून चेतक मिळवली आणि रोज सकाळी ती एका अंगावर तिरकी करून किक मारली, त्यांच्यासाठी २०२० मध्ये त्याच नावाची विजेवरची गाडी आली. तिरकी करावी लागत नाही. काही मास्तर सवयीनं करतात. लुनाही २०२४ मध्ये विजेवर परतली, आणि त्याच वर्षी बजाजनं सीएनजीवरची मोटरसायकल काढली, जिची सीट चांगली लांब आहे. जवळ सीएनजी पंप आहे का ते आधी बघा. लाइट रात्री दोनला येते अशा गावात चार्जिंगलाही रात्रीच उठावं लागतं, पण त्या वयात माणूस तसाही उठलेला असतो.

अंधार पडायच्या आत घरी यावं. समोरच्या गाडीचा दिवा फुटून पसरलेला दिसायला लागला की तो समोरच्याचा दोष मानू नये. जालन्यात गणपती नेत्रालय आहे, तिथं दाखवावं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर जितके दिवस सांगतील तितके दिवस गाडीला हात लावू नये. या दिवसांत पहिल्यांदा तुम्ही स्वतः मागं बसता.

मागं बसायचंही शिक्षण असतं. डाव्या बाजूनं चढावं. धोतर किंवा उपरणं असेल तर आधी गोळा करून घ्यावं. साडीगार्ड पुन्हा माळ्यावर गेलेला असतो. मुलाचा खांदा धरू नये, मागची लोखंडी कड धरावी. 'गिअर टाक' आणि 'हॉर्न दे' ही दोन वाक्यं गिळावीत. मुलाची गाडी ड्यूक असेल तर नातवाच्या मित्राची स्प्लेंडर मागवावी.

याच काळात परवान्याची पाच वर्षं संपत येतात. मुदतीच्या आधी वर्षभर आणि मुदतीनंतर वर्षभर अर्ज करता येतो. मात्र मुदत संपली की त्या दिवसापासून गाडी चालवता येत नाही. पूर्वी मिळणारी तीस दिवसांची सूट २०१९ मध्ये गेली. तेव्हा परवाना वाढवून घ्यायला आरटीओत स्वतः गाडी चालवत जाऊ नये. कोणाच्या तरी मागं बसून जावं. कलम १२९ प्रमाणे हेल्मेट मागं बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. घरात हेल्मेट एकच असतं. ते कोणी घालायचं यावर अंबड चौफुलीपर्यंत वाद घालता येतो. तिथं पोलीस असतो.